ग्रांप्रीच्या वळणावरचे काका

"मागे काय?"

ते विचारायचे आणि मी पोळी लाटता लाटता सांगायची, "मोकळं." दिवसातून किती वेळा, त्याला काही हिशोब नाही. चहा घेताना, जिना उतरताना, टपालाच्या पेटीपाशी उभे असताना. मान वळवायची नाही. नुसता उजवा हात पाठीमागं न्यायचा, बोटं हलवायची आणि विचारायचं, "मावशी, मागे काय?" नव्या माणसाला वाटावं, म्हाताऱ्याच्या मागं कुणीतरी लागलंय. मलापण पहिल्या दिवशी तसंच वाटलं. घाबरून मी मागं बघितलं. मागं फ्रीज होता.

"फ्रीज आहे," मी म्हटलं.

"हलतोय का?"

"नाही."

"मग मोकळं म्हणायचं."

ते माझ्याहून कितीतरी मोठे. तरी मला मावशी म्हणायचे आणि मी त्यांना काका. आपल्या लोकांत स्वयंपाकाच्या बाईला मावशीच म्हणतात, मग ती अमेरिकेत असू दे नाहीतर इचलकरंजीत. मी इचलकरंजीची. नवरा यंत्रमागावर कापड विणायचा, मी सुताच्या कांड्या भरायची. नवरा गेल्यावर मी स्वतः मागावर उभी राहिले आणि पोराला शिकवलं. माझी स्वतःची शाळा चौथीपर्यंत. पोरगा कॉम्प्युटरच्या नोकरीवर इकडं आला, त्यानं मला नातवंडं सांभाळायला आणलं. नातवंडं मोठी झाली. मग पोराची नोकरी गेली आणि ते सगळे टेक्सासला, अर्विंगला गेले. "आई, तिकडं घर लहान आहे, तू जरा थांब," म्हणाला. मी थांबले. अजून थांबलेलीच आहे.

आयसेलिनला एका फरसाणवाल्याच्या तळघरात पोळ्या लाटायची मी. पाय असे सुजायचे की चप्पल चढायची नाही. रडले नाही असं नाही. पण रडत लाटलेली पोळी वातड होते एवढं मला कळलं, मग ते सोडून दिलं. त्या दुकानातच काकांच्या लेकीनं मला गाठलं. काकू वारल्या होत्या, लेक लांब मिनेसोटाला, ईडन प्रेरीत. तिला बाबांपाशी राहणारी बाई पाहिजे होती, मला राहायला खोली पाहिजे होती. असं जमलं.

हा माणूस बसायचाच नाही हो. जेवायचे ते ओट्यापाशी उभं राहून. टीव्ही बघायचे ते सोफ्याच्या पाठीला टेकून, उभ्यानं. या खिडकीतून त्या खिडकीत, तिथून दारात, दारातून परत आत. त्यांच्यामागं फिरून फिरून माझंच डोकं गरगरायचं. डॉक्टरकडं नेलं तर तिथंही भिंतीला पाठ लावून उभे. हे उभे राहिले की बाकीचे पेशंटपण उठायचे, त्यांना वाटायचं नंबर आला.

डोळ्यांत काचबिंदू. समोरचं थोडं दिसायचं, तेही नळीतून बघितल्यासारखं. बाजूचं गेलेलं होतं. गाडीची किल्ली लेकीनं आधीच काढून नेली होती.

घरात देव एका कोपऱ्यात आणि बाकी सगळ्या भिंतींवर गाड्या. आपल्या गाड्यांसारख्या नाहीत. चार चाकांवर विडी ठेवावी तशा, आणि आत बसलेला माणूस छातीपासून वर बाहेर. त्यात एक मोठा फोटो होता. तरुण काका, तरुण काकू, दोघांनी डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे घातलेले, आणि दोघं एकमेकांकडं पाठ करून उभे. काकांच्या हातात निळा झेंडा, काकूंच्या हातात पिवळा.

मी म्हटलं, "काका, भांडण झालं होतं काय?"

काका इतके हसले की खोकला लागला. "मावशी, ही ग्रांप्री. जगातले सगळ्यात वेगवान ड्रायव्हर वर्षातून एकदा इथे यायचे. वर न्यूयॉर्क राज्यात, तळ्याकाठच्या डोंगरावर. आम्ही दोघं तिथे वळणावर झेंडे घेऊन उभे राहायचो. मार्शल म्हणतात त्याला."

"पगार काय द्यायचे?"

"पगार कसला? सँडविच मिळायचं."

"एवढे इंजिनेर होऊन सँडविचसाठी?"

"चांगलं असायचं हो सँडविच."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. ते सांगते, म्हणजे पुढचं तुम्हाला कळेल. वळणावर दोघं उभे राहतात. गाड्या येतात तिकडं एक बघणार, गाड्या जातात तिकडं दुसरा. काकू जाणाऱ्या बाजूला. तिकडं कुणाची गाडी गरकन फिरली, आडवी झाली, की काकू पिवळा झेंडा हलवणार. पिवळा म्हणजे हळू, पुढं धोका आहे. पण तो हलवताना काकूंची पाठ येणाऱ्या गाड्यांकडं. त्यांच्यामागं काय येतंय ते काका बघणार. आणि काकांच्या मागं काय झालंय ते काकू सांगणार. मान वळवायची नाही. मान वळवली की आपल्या बाजूचं बघायचं राहून जातं आणि तेवढ्यात माणूस मरतो. दुसऱ्यानं मोकळं म्हटलं की मोकळं.

"लग्न करून आणली तेव्हा इथे तिला कुणी ओळखीचं नव्हतं," काका म्हणाले. "घरात एकटी रडत बसायची. म्हणून रेसला नेली. दुसऱ्या वर्षी हातात झेंडा. आम्ही एकमेकांकडे पाठ करून संसार केला, मावशी. फार छान झाला."

मला त्यात नवल वाटलं नाही. आमच्या शेडमध्ये असंच होतं. एका बाईकडं चार माग, दोन तोंडासमोर, दोन पाठीमागं. पाठीमागच्या मागावर सूत तुटलं तर समोरची बाई हात वर करायची, कारण त्या खडखडाटात हाक ऐकू जायची नाही. तिनं हात केला की न बघता आधी मागचा माग बंद करायचा. खात्री करत बसलं तर तोवर कापड बिघडलेलं असायचं. मी हे सांगितलं तर काका ओट्यापासून सरळ झाले, जसं काही मी मोठी परीक्षा पास होऊन आले.

"म्हणजे तुम्ही तयारच आहात की!"

तेव्हापासून माझं काम वाढलं. घरात ते पुढं बघणार, मी मागं. खरं सांगायचं तर दोन्हीकडं मीच बघायची.

पुढं घर विकायला काढलं. लेकीनं ठरवलं होतं, बाबांना ईडन प्रेरीला न्यायचं, थंडी पडायच्या आत. काका त्यावर हो म्हणाले नाहीत, नाही पण म्हणाले नाहीत, नुसत्या खिडक्या बदलत राहिले. त्यातच तिकडून फोन आला. त्या डोंगरावर ग्रांप्री होऊन आता जमाना झाला, पण दर शरदात त्या काळातल्या गाड्या आणून दोन फेऱ्या फिरवतात. आमच्या काकांसारखे जे जुने मार्शल उरलेत त्यांनी यावं, आपापल्या वळणावर उभं राहावं, मान म्हणून. सोबत एक माणूस आणावा.

लेक आली तेव्हा काकांनी तिला स्वयंपाकघरातच सांगितलं. ती इथंच जन्मलेली. मराठी समजतं सगळं, पण राग आला की इंग्रजीत जाते.

"बाबा, यू कान्ट इव्हन सी द स्टेप्स!"

"पायऱ्या बघायला मावशी आहेत."

"माझा प्रत्येक बर्थडे त्या फेन्सपाशी झालाय. केकवर माती असायची."

"चॉकलेट होतं ते."

"इट वॉज माती, बाबा! आणि तुम्ही दोघं माझ्याकडे पाठ करून उभे."

"एकमेकांकडे."

"माझ्याकडे पण," ती म्हणाली.

मी कणीक तिंबत राहिले, दुसरं काय करणार. मग काका म्हणाले, "एकदा तिचा झेंडा हातात घेऊन उभं राहायचंय. नीट, चूक न करता. मग तू नेशील तिथे येतो. एक शब्द बोलणार नाही."

लेकीनं डोळे पुसले. "फाइन. पण मग एअरपोर्टवर नो नाटक."

पंधरवडाभर आमची प्रॅक्टिस चालली. घरापुढच्या हिरवळीवर, रस्त्याच्या कडेला, आम्ही दोघं पाठीला पाठ लावून उभे. ते गाड्या येतात त्या बाजूला तोंड करून, हातात माझा भांडी पुसायचा पिवळा नॅपकिन. मी गाड्या जातात तिकडं. शाळेची बस आली की मी ती वळेपर्यंत बघायची आणि ओरडायची, "मोकळं!" शेजारची गोरी बाई रोज कॉफीचा कप घेऊन पायरीवर बसायला लागली. एक दिवस तिनं टाळ्या वाजवल्या. मला लाज वाटली, पण खोटं कशाला बोलू, बरंपण वाटलं. तळघरात इतकी वर्षं काढली, तिथं टाळी कोण वाजवणार?

जायच्या दिवशी मी पिवळी शाल घेतली होती. काकांनी ती गाडीतच ठेवायला लावली. वळणावर पिवळं चालत नाही, लाल चालत नाही, ड्रायव्हरला झेंडा वाटतो. पांढरं पाहिजे. नवरा गेला तेव्हा मी पांढरं नेसले नव्हते, आमच्यात तशी रीत नाही. त्या दिवशी साडीवर फरसाणच्या दुकानातला पांढरा कोट चढवला आणि वर त्यांनी दिलेली पांढरी टोपी घातली. लेक फोटो काढून म्हणाली, "मावशी, यू लुक लाइक अ सायंटिस्ट." मी म्हटलं, "काढ, अर्विंगला पाठव."

डोंगरावर पोचलो तर सगळीकडं एरंडेलाचा वास. काका म्हणाले, त्या जुन्या इंजिनांत एरंडेलाचं तेल घालायचे. लहानपणी आमची आजी नाक दाबून पाजायची ते एरंडेल, आणि इथं लोक तो वास घ्यायला तिकीट काढून येतात.

वळणावर सिमेंटच्या बुटक्या भिंतीमागं आम्हाला उभं केलं. लेक पाठीमागं कुंपणाच्या जाळीबाहेर. तिथली मुख्य म्हणजे एक पिकल्या केसांची गोरी बाई, काकूंना ओळखणारी. तिनं काकांना मिठी मारली आणि निळा झेंडा पुढं केला. काका म्हणाले, "निळा नको. तिचा द्या." बाईनं पिवळा दिला. खरं काम बाजूची तरुण मंडळी करणार होती. काकांनी झेंडा नुसता हातात धरायचा, असं ठरलं होतं.

आवाज आधी आला. शेडमधले सगळे माग एकदम सुरू व्हावेत तसा पोटात आवाज. मग एकेक गाडी, लाल, हिरवी, निळी, झाडांतून निघून आमच्याकडं वळायला लागली. आत बसलेले पण म्हातारेच. मी ठरल्याप्रमाणं गाड्या जातात तिकडं तोंड केलं. पाठीला काकांची पाठ. त्यांचं अंग थरथरत होतं की जमीन, मला कळत नव्हतं.

"मागे काय?"

"मोकळं."

दोन गाड्या गेल्या.

"मागे काय?"

"मोकळं, काका."

रस्ता माझ्या डोळ्यांपुढं होता. काळाभोर, लांबपर्यंत, आणि त्यावर काही नव्हतं. वरून एक ढग चालला होता, त्याची सावली तेवढी रस्त्यावरून सरकत होती.

तेव्हा माझ्या पाठीवरची त्यांची पाठ सुटली. गार वारा लागला म्हणून मला कळलं. ते वळले होते. माझ्या खांद्यावरून ते रस्त्याकडं बघत होते.

"आहे! तिथे काहीतरी आहे!"

"नाही हो काका, सावली आहे. मोकळं आहे!"

त्यांनी ऐकलं नाही. झेंडा दोन्ही हातांनी वर केला आणि हलवायला लागले, जीव खाऊन. मागून येणाऱ्या हिरव्या गाडीनं तो बघितला आणि ब्रेक मारला. तिच्यामागच्या लाल गाडीला थांबता येईना. तिची चाकं किंचाळली, ती तिरकी झाली आणि हिरवीच्या शेपटीला लागता लागता गवतात जाऊन थांबली. आतला म्हातारा दोन्ही हात वर करून बसला होता. कुंपणाबाहेर सगळे ओरडले.

ढग पुढं गेला. रस्ता लखलखीत रिकामा.

कुणाला लागलं नाही. ती गोरी बाई धावत आली, आधी लाल गाडीकडं गेली, मग आमच्याकडं. काकांच्या खांद्यावर हात ठेवून तिनं हसत सांगितलं, ते मला अर्धंमुर्धं कळलं, की बरं झालं, हे म्हातारे ड्रायव्हर झोपाच काढत होते, जागे झाले. अजून दुसरी फेरी आहे, उभे राहा. ती मनापासून म्हणत होती. पण काका हसले नाहीत. त्यांनी झेंडा काठीला गुंडाळला, अगदी सावकाश, कडा जुळवत, आणि तिच्या हातात दिला.

जाळीबाहेरून लेक म्हणत होती, "बाबा, इट्स ओके! कुणाला काही झालं नाही. अजून एक राउंड आहे ना, थांबा!" ज्या पोरीला ती जागा बघवत नव्हती, ती आता थांबा म्हणत होती.

"नको," काका म्हणाले. "चल."

मी त्यांचा दंड धरला. "काका, डोळ्यांचा दोष आहे, तुमचा नाही."

"डोळे कच्चे आहेत ते मला माहीतच होतं, मावशी. त्याचं काही नाही. तुम्ही मोकळं म्हणालात आणि मी वळलो." थोडं चालून म्हणाले, "जोडीदाराचं ऐकलं नाही की त्या जागी उभं राहायचं नाही. हा नियम तिनेच मला शिकवला होता. पहिल्याच वर्षी."

दुसऱ्या फेरीचा आवाज आमच्या पाठीमागं सुरू झाला तेव्हा आम्ही पार्किंगमध्ये होतो. मला वाटलं, ते थांबतील. थांबले नाहीत. गाडीत बसले, पट्टा लावून घेतला.

त्यानंतर त्यांनी मला एकदाही विचारलं नाही. सामानाची खोकी भरली जात होती, ते एका खुर्चीवर बसून असायचे. हो, बसून. तुम्ही म्हणाल, बरं झालं, म्हातारा माणूस शांत झाला. मला ते बघवायचं नाही. मी पोळी लाटता लाटता मध्येच थांबायची, कान त्यांच्याकडं. घर इतकं गप्प की फ्रीजची घरघर ऐकू यायची. मग मीच या खिडकीतून त्या खिडकीत करायला लागले. रात्री पाठीला उशी लागली तरी दचकायची. एकदा न राहवून मी आपणहून म्हटलं, "मोकळं आहे, काका." त्यांनी नुसती मान हलवली.

काका वारले त्याला आता दोन हिवाळे झाले. तिकडंच, बर्फात. लेकीनं फोनवर सांगितलं, शेवटी शेवटी ते तिचा हात धरून चालायचे, ती सांगेल तसं पाऊल टाकायचे, पायानं चाचपायचेपण नाहीत. "मावशी, ही वॉज सो ईझी," म्हणाली आणि रडायला लागली. मी आता दुसऱ्या एका आजींकडं असते. त्या दिवसभर झोपून असतात.

काकांचं म्हणून मला आठवतं ते नेवार्कच्या विमानतळावरचं. चाकाची खुर्ची आली, ते नाटक न करता तिच्यात बसले. मला म्हणाले, "येतो मावशी," आणि अजून काहीतरी बोलणार होते, पण खुर्ची ढकलणारा घाईत होता. तपासणीच्या रांगेपाशी मला अडवलं. ते तिघं पट्ट्यांच्या पलीकडं पुढं पुढं जात राहिले. मी हात केला. एवढ्या लांबून त्यांना काय दिसणार, तरी करत राहिले. लेकीनं मागं वळून मला बघितलं. ती खाली वाकली, त्यांच्या कानात काहीतरी बोलली. काकांनी मान वळवून बघितलं नाही, खात्री केली नाही. तिनं सांगितलं तेवढ्यावर हात उंच केला आणि हलवला.

हात माझ्याकडं नव्हता. जरा डावीकडं, दोन खांबांच्या मध्ये, जिथं कुणीच उभं नव्हतं. मी पिशवी उचलली आणि तिथं जाऊन उभी राहिले.